कामाच्या मागं लावायला जॅझ : नवख्या कानांसाठी

दिवसभर मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत असतो. कास्टिंगचे पॅटर्न डिझाइन करणं हे माझं काम. तिथं शेकआउटचा, म्हणजे कास्टिंगवरची वाळू झटकायच्या यंत्राचा खडखडाट, ग्राइंडरची किरकिर आणि डोक्यावर क्रेनचा भोंगा. संध्याकाळी राजारामपुरीत घरी यायचं, जेवायचं आणि उरलेली ड्रॉइंग संगणकावर पुरी करायला बसायचं. त्या दोन-अडीच तासांत पूर्ण शांतता असली की कानात दिवसभराची फौंड्रीच वाजत राहते. मराठी-हिंदी गाणी लावली की मन शब्दांमागं जातं. आणि किशोरीताईंचा भूप लावला तर माऊस हातातून सुटतो, ड्रॉइंग तसंच राहतं.

सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मित्रानं सांगितलं, "जॅझ लाव भावा, काम फटाफट होतंय." कुठला जॅझ, कोणाचा, ते काही सांगितलं नाही. तिथून पुढं दीड वर्ष मी जे हेलपाटे घातले ते तुमचे वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहितोय. मला वाद्य वाजवता येत नाही, नोटेशन वाचता येत नाही. ऐकणारा माणूस आहे, त्याच नजरेनं वाचा.

काय काय लागेल

- मोबाइल किंवा लॅपटॉप आणि गाण्याचं कुठलंही एक ॲप. शक्यतो जाहिराती नसलेलं, म्हणजे पैसे भरून घेतलेलं. बिल इव्हान्सच्या पियानोनंतर लगेच बनियनची जाहिरात लागली की त्या दिवसाचं ऐकणं संपतं.
- दोन छोटे स्पीकर. एक असला तरी चालेल.
- एक वही. हे ऐकून हसू येईल, पण का ते पुढं कळेल.

दिवे लागणारा, चाकं असलेला पार्टी स्पीकर घरात असेल तर तो गणपतीपर्यंत माळ्यावरच राहू दे. आपल्याकडं डॉल्बीनं सगळ्यांचे कान बेसला सोकावलेत. जॅझमधला डबल बेस हा बोटांनी तारा छेडून वाजवायचं, माणसाएवढं उंच लाकडी वाद्य आहे. त्याची तार सुटल्याचा टणत्कार ऐकू यायला हवा, छातीत धक्का नको. म्हणून 'बेस बूस्ट' असेल तर आधी तो बंद करा आणि स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर फुगवतात, मग सगळं घुमायला लागतं. भिंतीपासून हातभर पुढं ओढला तरी फरक पडतो.

१. आधी काम ठरवा, मग वाद्य

'मागं वाजत राहू दे' असं म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळं काम असतं. वाचन, लेखन, हिशेब, म्हणजे ज्यात डोक्यात शब्द किंवा आकडे फिरतात, त्यामागं गायन नको. पियानो, बेस, ड्रम एवढ्या तिघांचा ताफा, म्हणजे ट्रिओ, यासाठी सगळ्यात सोपा. स्वयंपाक, इस्त्री, कपाट आवरणं अशा हाताच्या कामांना गाणं चालतं, उलट बरं वाटतं. पाहुणे आलेत आणि गप्पा चालल्यात, तर सॅक्सोफोन जरा जपून. त्याचा आवाज माणसाच्या आवाजाच्या पट्टीतच फिरतो, त्यामुळं खोलीत आणखी एक जण बोलतोय असं वाटतं आणि सगळे नकळत मोठ्यानं बोलायला लागतात. माझ्या घरी हे तीनदा घडलं, तेव्हा कुठं कारण कळलं.

२. 'रिलॅक्सिंग जॅझ' असं शोधू नका

माझं पहिलं वर्ष इथं वाया गेलं. असं शोधलं की आठ-दहा तासांचे व्हिडिओ येतात. खिडकीबाहेर पाऊस, आत शेगोटी, टेबलावर कॉफीचा वाफाळता कप. संगीत वाजत असतं, पण वाजवतोय कोण ते कुठंच लिहिलेलं नसतं. पहिली वीस मिनिटं बरं वाटतं. मग ध्यानात येतं की कुठलाच तुकडा कुठं जात नाही, एकच गोड चाल वळसे घेत बसलीय. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसल्यासारखं वाटायला लागतं.

यावर माझा एकच निकष आहे. वादकांची नावं दिलेली आहेत का? अल्बमचं नाव, वर्ष, पियानोवर कोण, बेसवर कोण, हे नसेल तर पुढं चला. अलीकडं यंत्रानं तयार केलेल्या तुकड्यांचा पूर आलाय, तोही याच चाळणीत अडकतो.

'स्मूथ जॅझ' हा शब्दही दिसेल. तो १९८० च्या दशकात रेडिओवर वाढलेला वेगळा प्रकार, त्यात सिंथेसायझर आणि चकचकीत ताल जास्त. आवडला तर खुशाल ऐका. मात्र इथं सांगतोय ती गल्ली वेगळी.

ती गल्ली साधारण १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत सापडते. तेव्हाचे छोटे ताफे एकाच खोलीत, एकमेकांकडं बघत, एका दमात वाजवून ध्वनिमुद्रण करायचे. ड्रमवाला कित्येकदा काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरायचा आणि ते कातड्यावर नुसते फिरवायचा. तांदूळ पाखडताना सुपातून जो आवाज येतो, बराचसा तसा. मागं लावायच्या जॅझची ही खूण मनात ठेवा: ब्रशचा आवाज ऐकू आला तर समजा, बरोबर दारात उभे आहात.

आणि आता सगळ्यात मोठा खड्डा. वादकाच्या नावावर विसंबू नका, अल्बम बघून निवडा. जॉन कोलट्रेन या सॅक्सोफोनवादकाचा 'बॅलड्स' हा १९६३ चा अल्बम ऐकून मी इतका खूश झालो, की दुसऱ्या रात्री त्याच माणसाचा 'असेन्शन' लावला. तो १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला, अकरा जणांचा, फ्री जॅझचा अल्बम. सगळे जण एकाच वेळी, जिवाच्या आकांतानं वाजवतात. आतून बायकोची हाक आली, "अहो, मांडणी पडली की काय?" त्या अल्बमला मोठा मान आहे आणि तो का आहे हे मला आता थोडंफार कळतं. तरी रात्री दहाला ड्रॉइंग काढताना तो लावायचा नसतो. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचंही तसंच. १९५९ चा माइल्स आणि १९७० च्या 'बिचेस ब्रू'मधला इलेक्ट्रिक वाद्यांच्या गदारोळातला माइल्स, नाव तेच, पण घर वेगळं.

३. पहिले पाच अल्बम

महिनाभर एवढेच पाच ऐका. जास्त नको. मागं वाजणारं संगीत ओळखीचं झालं की कान त्याच्याकडं वळून बघायचं थांबवतो, मगच ते खऱ्या अर्थानं मागं जातं. रोज नवीन लावलं तर रोज लक्ष जाणार.

काइंड ऑफ ब्लू, माइल्स डेव्हिस (१९५९). सगळ्या याद्यांत पहिलं असतं म्हणून मी मुद्दाम टाळत होतो. चूक केली. न्यूयॉर्कमध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, अशा दोनच दिवसांत हे ध्वनिमुद्रण झालं. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल ॲडरली, पियानोवर बिल इव्हान्स (एका तुकड्यात विंटन केली), बेसवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब. पाच तुकडे, पाऊण तास.

राग ऐकलेल्या कानाला हा अल्बम परका वाटत नाही आणि त्याला कारण आहे. त्या काळच्या जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, भराभर बदलायचे, वादकाला त्यांच्यामागं पळावं लागायचं. इथं माइल्सनं ती पळापळ काढून टाकली. पहिला तुकडा 'सो व्हॉट' घ्या. चार-चार मात्रांचे बत्तीस खंड, त्यातले पहिले सोळा एकाच सुरावटीत, पुढचे आठ तीच सुरावट अर्ध्या सुरानं वर उचलून, शेवटचे आठ परत मूळ जागी. की पुन्हा पहिल्यापासून. ती सुरावट कुठली? पेटीवर पांढरी दोनचा सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर चालत जा: कोमल गंधार, कोमल निषाद, काफी थाटाचे सूर. मला हे समजलं त्या रात्री ड्रॉइंग राहिलंच.

सुरुवातीला पियानो आणि बेस धुक्यात चाचपडल्यासारखे वाजतात, मग बेस चाल सांगतो आणि बाकीचे दोन सुरांत 'हं, बरं' असा हुंकार भरतात. लेखन-वाचनाला शेवटचा 'फ्लेमेन्को स्केचेस' आणि मधला 'ब्लू इन ग्रीन' सगळ्यात शांत.

वॉल्ट्झ फॉर डेबी, बिल इव्हान्स ट्रिओ. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात दिवसभरात जे वाजलं, त्यातून दोन अल्बम निघाले, त्यातला हा एक. दुसरा 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. मागं ग्लासांची किणकिण, कुजबुज, कोणाचं तरी हसू ऐकू येतं. लोक आपल्याच गप्पांत, आणि कोपऱ्यात हे तिघं वाजवताहेत. म्हणजे मुळातच हे संगीत कोणाच्या तरी गप्पांमागं वाजलेलं आहे. घरात भांड्यांचा आवाज झाला तरी ते बिघडत नाही, उलट त्यात मिसळून जातं. बेसवर स्कॉट लाफारो आहे. तो नुसता ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो, मधेच त्याचं वाक्य तोडतो. या दिवसानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला. वय २५. ड्रमवर पॉल मोशन, आणि ते पाखडणं, जे मी वर म्हणालो, ते इथं ऐका.

गेट्झ/जिल्बर्टो, स्टॅन गेट्झ आणि झुआंव जिल्बर्टो (१९६४). ब्राझीलचा बोसा नोव्हा हा गाण्याचा प्रकार आणि अमेरिकेचा सॅक्सोफोन. गायन नको म्हणालो, पण हा अपवाद. जिल्बर्टो जवळजवळ स्वतःशी गुणगुणल्यासारखा गातो आणि ते बहुतेक पोर्तुगीजमध्ये. शब्दच कळत नाहीत, त्यामुळं मन त्यांच्यामागं जायचा प्रश्नच येत नाही. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा'मध्ये इंग्रजी कडवं त्याची त्या वेळची बायको ॲस्ट्रूड गाते. पियानोवर आंतोनियो कार्लोस जोबिम, बहुतेक चाली त्याच्याच. १९६५ मध्ये याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. दुपारचं ऊन उतरताना, चहाच्या आधी लावायचा. अर्ध्या तासाहून थोडा जास्त आहे, तेवढ्यात चहा होतो.

बेन वेब्स्टर मीट्स ऑस्कर पीटरसन (१९५९). बेन वेब्स्टरचा टेनर सॅक्सोफोन म्हणजे सूर कमी आणि श्वास जास्त. सूर संपला तरी हवेची फुंकर येत राहते. तंबोऱ्याची तार छेडल्यावर शेवटी नुसती आस उरते ना, तिच्यासारखं काहीतरी. आम्ही घरात याला 'जेवणानंतरचा' म्हणतो. ऑस्कर पीटरसन एरवी बोटांची आतषबाजी करणारा, इथं मात्र मोठ्या भावासमोर बसल्यागत अदबीनं वाजवतो.

मिडनाइट ब्लू, केनी बरेल (१९६३). गिटार. पियानो मुद्दाम ठेवलेला नाही, त्यामुळं भरपूर मोकळी जागा. जोडीला स्टॅन्ली टरेंटाइनचा सॅक्सोफोन आणि रे बॅरेटोचा काँगा. काँगा म्हणजे हातानं वाजवायचा उभा ढोल. पाचांतला हा जरा अंगात येणारा. रविवारी मटण शिजत असताना, खोबरं भाजायचा वास सुटलाय, पांढऱ्या रश्श्याला उकळी यायचीय, तेव्हा हा. हिशेबाच्या कामाला नको, पाय हलायला लागतो.

४. ॲपमधली बटणं

अल्बम सापडला, लावला, आणि तरी काहीतरी बिनसतंय असं वाटलं तर बहुतेक घोळ इथं असतो.

शफल बंद. अल्बमचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो.

ऑटोप्ले बंद. अल्बम संपला की ॲप आपल्या मनानं 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून काहीबाही लावतं. शांतपणे 'फ्लेमेन्को स्केचेस' संपलं आणि पुढं ट्रम्पेटनं खोलीच डोक्यावर घेतली, हा अनुभव मी घेतलाय. अल्बम संपला की शांतता पसरू दे. तेव्हाच उठून पाणी पिऊन यायचं.

क्रॉसफेड बंद, म्हणजे एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढणार नाही. 'सगळ्याचा आवाज सारखा ठेवा' अशा अर्थाचा पर्याय मात्र चालू ठेवा.

डीलक्स आवृत्ती टाळा. जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांत 'ऑल्टरनेट टेक' घातलेले असतात, म्हणजे तोच तुकडा त्याच दिवशी पुन्हा वाजवलेला. अभ्यास करणाऱ्याला ती पर्वणी. तुम्हाला मात्र एकच चाल लागोपाठ दोन-तीनदा ऐकू येईल आणि ॲप अडकलंय असं वाटेल. मूळ अल्बममध्ये किती तुकडे होते ते बघून तेवढेच वेगळ्या यादीत ठेवा.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. एकाच कानात इअरफोन घालून ऐकत असाल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळात कित्येकदा एक वाद्य पूर्ण डाव्या बाजूला, दुसरं पूर्ण उजव्या बाजूला टाकलेलं असायचं. मी आठवडाभर एका ट्रिओचा पियानो फार लांबून येतोय म्हणून हेडफोनला शिव्या घातल्या. पियानो दुसऱ्या कानात होता.

५. आवाज किती ठेवायचा

कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल सहज ऐकू आली पाहिजे. ही वरची मर्यादा. खालची मर्यादा अशी: खोलीतला पंखा चालू असताना ब्रशचा आवाज अगदी पुसट, पण लागला पाहिजे. पहिल्या तुकड्याच्या हळू भागावर एकदा आवाज लावा आणि मग हात लावू नका. सतत कमी-जास्त करत बसलात तर ते मागं वाजणं राहिलं नाही.

६. दुसऱ्या महिन्यापासून

आता वही. प्रत्येक अल्बम कुठल्या वेळी, कुठल्या कामामागं लावला आणि काम झालं की नाही, एवढीच नोंद. जॅझमध्ये रागासारखं वेळेचं शास्त्र नाही. पण आपल्या कानांना सवय आहे, ते आपोआप वेळ ठरवतात. माझ्या वहीतलं थोडं देतो.

सकाळी अहमद जमाल, 'ॲट द पर्शिंग'. जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात वाजवलेलं. हा माणूस पियानो जितका वाजवतो तितकाच वाजवत नाही. मोकळ्या जागा इतक्या नेमक्या ठेवतो की न वाजलेला सूरही ऐकू येतो. त्यातला 'पॉइन्सियाना' आठ मिनिटं एकच डुलता ताल धरून चालतो. सकाळी आवरताना याच्यापेक्षा बरं मला काही सापडलं नाही.

हिशेब, टेबलं, आकडेमोड असेल तर मॉडर्न जॅझ क्वार्टेट. यात व्हायब्राफोन असतो, धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, साधारण जलतरंगाच्या नात्यातलं. चौघंही अगदी नीटनेटकं वाजवतात, इस्त्रीचा सदरा घातल्यासारखं. काही जणांना ते कोरडं वाटतं. मला मार्चअखेरीला तेच हवं असतं.

स्वयंपाकाला 'एला अँड लुई' (१९५६). एला फिट्झजेराल्डचा लोण्यासारखा आवाज आणि लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत. मागं ऑस्कर पीटरसनचाच ताफा. हा अल्बम आमच्या घरी सगळ्यांना आवडतो, दहावीतल्या मुलीलासुद्धा, आणि तिला सध्या काहीच आवडत नाही.

रात्री उशिरा कोलट्रेनचा वर सांगितलेला 'बॅलड्स', किंवा त्याच वर्षीचा जॉनी हार्टमन या गायकाबरोबरचा. त्याहून नवीन काही हवं असेल तर चार्ली हेडनचा बेस आणि पॅट मेथेनीची गिटार, 'बियॉन्ड द मिझुरी स्काय', १९९७. दोनच माणसं, ड्रम नाही, घाई नाही.

कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट' (२४ जानेवारी १९७५, एकटा माणूस, एक पियानो, आधी काहीच ठरवलेलं नाही) बऱ्याच याद्यांत शांत संगीत म्हणून सापडेल. माझ्या वहीत त्याच्यापुढं लिहिलंय: 'काम झालं नाही.' तो समोर बसूनच ऐकायचा.

तबकड्यांच्या प्लेयरचा मोह होईल, छायाचित्रांत फार देखणा दिसतो. पण तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची. दर वीस मिनिटांनी उठून बाजू पालटायची असेल तर काम कुठलं होतंय! हा नाद सुट्टीसाठी.

७. मात्रा मोजायला लागलात तर

कधीतरी तुमचा हात थांबेल आणि कान पुढं येईल. तेव्हा एवढं माहीत असलं तर पुरे: आधी चाल वाजते, मग त्याच चालीच्या चौकटीवर एकेक जण आपली उपज मांडतो, शेवटी पुन्हा चाल. चौकटीचं आवर्तन संपून पहिली मात्रा आली की तिघं-चौघं नेमके एकत्र येतात. समेवर यावं तसे.

हे मी आबांकडून शिकलो, म्हणजे माझ्या वडिलांकडून. आबांचं तरुणपण देवल क्लबात गेलं. १८८३ पासूनची ती संगीतसंस्था, आणि कोल्हापूर म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आणलं आणि जयपूर-अत्रौली गायकीचं बस्तान इथं बसलं. आबांच्या दृष्टीनं संगीत म्हणजे ते. मी काय लावतो त्याला ते 'तुझं हॉटेलातलं' म्हणायचे.

एकदा मी डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा 'टाइम आउट' (१९५९) लावला होता. 'टेक फाइव्ह' सुरू झालं. आबा पेपर वाचत होते. पेपर तसाच, पण मांडीवरची बोटं हलायला लागली. दोन मिनिटांनी म्हणाले, "अरे, हा पाचात आहे. तीन-दोन, तीन-दोन. झपताल मधनंच धरलाय लेकानं." झपताल दोन-तीन-दोन-तीन असा चालतो, तो तिसऱ्या मात्रेपासून मोजला तर तीन-दोन होतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मग त्यांनी अल्बमचा पहिला तुकडा, 'ब्लू राँडो आ ला तुर्क' पुन्हा लावायला सांगितला. तो नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन. ही चाल ब्रुबेकला तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून सुचली. १९५८ च्या त्याच दौऱ्यात हा ताफा भारतातही येऊन गेला होता. 'टेक फाइव्ह' मात्र ब्रुबेकचं नाही, सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडचं. त्यानं मृत्युपत्रात त्याच्या मानधनाचे हक्क अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकले. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग तर रोज लाव."

घरातल्या थोरांची कुरकुर असेल तर आणखी एक युक्ती. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन जॅझवादक वाजवायचे. त्यांचं ऐकत गोव्याचे वादक तयार झाले आणि पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट हा त्यातलाच, आपल्या सी. रामचंद्रांचा सहायक. १९५१ च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' लावा आणि मग सांगा, हे तिथूनच आलंय. विरोध निम्म्यानं कमी होतो.

८. दुकानात, कॅफेत लावायचं असेल तर

ताराबाई पार्कात कॅफे काढलेल्या एका ओळखीच्यानं विचारलं म्हणून हे घालतोय. घरच्या ॲपचं वैयक्तिक खातं दुकानात वाजवायला चालत नाही, अटींत तसं लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकांसमोर संगीत वाजवणं कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीनं सार्वजनिक वादन ठरतं. त्यासाठी चाल-शब्दांचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क, दोन्हींची परवानगी लागू शकते. आपल्याकडं आयपीआरएस आणि पीपीएल या संस्थांची नावं त्यासाठी ऐकू येतात. स्पीकर भिंतीत बसवायच्या आधी हे विचारून घ्या. मिसळीच्या हॉटेलात काहीच लावू नका, तिथं ऑर्डरीचा आवाज पुरेसा आहे.

९. पावसाळ्याआधी उतरवून ठेवा

पाचही अल्बम मोबाइलमध्ये डाउनलोड करा. जूनच्या आधी. जुलैत इथं धो धो लागला की लाइट जाते, लाइटीमागनं नेट जातं आणि घरात एकच विषय उरतो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. मोबाइलची बॅटरी फोनसाठी राखायची असते, त्यामुळं छोटा बॅटरीवरचा स्पीकर आधीच चार्ज करून ठेवा आणि डाउनलोड केलेलं ऐकताना मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, बॅटरी कमी खातो. फोन येणार असेल तर अर्थातच नाही.

२०२१ च्या जुलैत आमच्याकडं सलग दोन रात्री लाइट नव्हती. नदीकाठची दोन घरं आमच्याकडं राहायला आली होती, हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, पत्र्यावर पाऊस. मी हळूच 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावलं. त्या तळघरातल्या माणसांची कुजबुज आणि आमच्या हॉलमधली कुजबुज, कुठली कुठली ते कळेना. तासाभरानं अंधारातून आबांचा आवाज आला, "झालं काय रे ते? आता ते पाचवालं लाव."